शिवारात चोर शिरला, तर काठी कुठवर उगारावी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत): पत्रलेखक रावेर तालुक्यातील केळी बागायतदार आहेत. कृषिपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळत असल्यामुळे त्यांना आणि त्यांच्या पत्नीला अंधारात मळ्यात जावे लागते. गेल्या काही महिन्यांत त्यांच्या विहिरीवरील केबल दोनदा कापून नेली गेली. तिसऱ्या वेळी ते, धाकटा भाऊ आणि सालदार असे तिघे अचानक पोहोचले, तेव्हा दोन जण केबल कापत होते. एक पळाला. दुसरा, जेमतेम विशीतला मुलगा, हातातले कटर टाकून हात जोडून खाली बसला. भावाने त्याला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारायला सुरुवात केली. मुलाचा हात सुजून लोंबू लागला, तेव्हा पत्रलेखकांनी भावाला आवरले आणि मुलाला जाऊ दिले. आता भाऊ त्यांना भित्रा म्हणतो, आणि विहिरीभोवती तार ओढून रात्री तिच्यात करंट सोडायची त्याची तयारी झाली आहे. पत्रलेखक विचारतात: "मी त्या रात्री चुकलो का? उद्या खरोखरच कोणी आमच्या अंगावर आले, तर मारायचे की पळायचे? मारले तर तुरुंगात मीच जाणार ना? आणि भावाला अडवू की त्याचे ऐकू?"

प्रिय भाऊ,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. ती तार ओढली असेल तर आजच काढून टाका, आणि ओढली नसेल तर ओढू देऊ नका. बाकीच्या प्रश्नांवर तुमच्याशी विचारविनिमय करता येईल, वेगवेगळ्या बाजू तोलता येतील. या एका गोष्टीत मात्र तोलण्यासारखे काही नाही. ठिबकने ओल्या झालेल्या जमिनीत, अंधारात, उघड्या तारेला पहिला हात बहुधा चोराचा लागणार नाही. तो सालदाराचा लागेल, शेजारच्या मळ्यातून व्हॉल्व्ह बंद करायला आलेल्या माणसाचा लागेल, वीज आली म्हणून घाईने विहिरीकडे वळलेल्या तुमच्या पत्नीचा लागेल. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने माणसे दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हंगामात येतात आणि त्यांतली कितीतरी माणसे त्याच घरातली किंवा त्याच शिवारातली असतात. शिवाय स्वसंरक्षणाचा हक्क माणसाला समोरच्या, त्या क्षणीच्या धोक्याविरुद्ध मिळतो. तुम्ही घरी झोपलेले असताना तार ज्याला मारते, त्याच्यापासून तुम्हाला कोणताच धोका नव्हता, म्हणून त्या मृत्यूला स्वसंरक्षणाचे नाव देता येणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा किंवा त्याहून गंभीर, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होईल आणि तो तुम्हा दोघा भावांवर होईल.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही चुकला नाहीत, आणि हे मी तुमची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. तुमच्या भावाच्या बोलण्यात, आणि थोडीशी तुमच्याही पत्रात, एक समजूत गृहीत धरलेली दिसते: जो हात उचलतो तो धीट आणि जो आवरतो तो भित्रा. पण त्या विहिरीवर काय घडले ते पुन्हा क्रमाने पाहा. तुम्ही तिघे, तो एकटा. हत्यार त्याने टाकलेले, केबल जागेवरच पडलेली, तो जमिनीवर बसलेला. तुमच्यापैकी कोणालाही त्याच्यापासून भय उरले नव्हते. त्यानंतर पडलेला प्रत्येक फटका मागच्या दोन चोऱ्यांच्या रागाचा होता. हा राग मला समजतो. केळीला पाण्याची पाळी चुकवता येत नाही, केबल गेली की नवी आणून जोडेपर्यंत बाग ताणावर जाते, आणि तक्रार करायला गेले तर "अर्ज देऊन जा" एवढेच ऐकायला मिळते. तरीही राग समजणे वेगळे आणि त्या रागाला संरक्षण म्हणणे वेगळे.

कायदाही इथे जवळजवळ हाच विचार करतो, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एका बाजूने उदार तर दुसऱ्या बाजूने कडक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी आहेत. पूर्वीच्या ९६ ते १०६ या कलमांतील तत्त्वेच थोड्याफार बदलांनी तिथे आली आहेत. या हक्काचा वापर करताना केलेले कृत्य गुन्हाच ठरत नाही, असे कलम ३४ सांगते. कलम ३५ नुसार हा हक्क स्वतःच्या तसाच दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठी आहे, आणि चोरी, जबरी चोरी, नुकसान, अतिक्रमण यांपासून मालमत्तेच्या रक्षणासाठीही आहे.

म्हणून "मारले तर तुरुंगात मीच जाणार" ही तुमची भीती जशीच्या तशी खरी नाही. पहिला वार अंगावर पडेपर्यंत थांबण्याची सक्ती तुमच्यावर नाही. प्रयत्नावरून किंवा धमकीवरून धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की कलम ४० नुसार हक्क सुरू होतो. पळून जाण्याचीही सक्ती नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आणि बेकायदा हल्ला समोर आल्यावर कायदा पाळणाऱ्या माणसाने भ्याडासारखे वागावे अशी अपेक्षा कायदा करीत नाही, असे स्पष्ट केले. अंगावर माणूस धावून आलेला असताना त्याला थोपवायला नेमका किती जोर लागेल, हे तराजूत तोलून ठरवणे कोणालाही शक्य नसते, हेही न्यायालये मान्य करीत आली आहेत.

कडक बाजू कलम ३७ मध्ये आहे. बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक आहे त्याहून अधिक करता येत नाही, आणि पोलिसांकडे किंवा अन्य सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, ते कलम ३८ सांगते: आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती घालणारा हल्ला, बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला, अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न, आणि अशाच काही मोजक्या गोष्टी. मालमत्तेसाठी ही मर्यादा आणखी आखडते. कलम ४१ मध्ये जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती वाटावी अशा परिस्थितीतील चोरी अशा मोजक्याच गोष्टींचा समावेश आहे. विहिरीवरची केबल नुसती कापून नेणे त्यात बसत नाही. चोराला अडवता येते, धरता येते, त्याच्या हातून वस्तू हिसकावून घेता येते आणि त्यासाठी लागेल तेवढे बळही वापरता येते. डोक्यात कुऱ्हाड घालता येत नाही. पण तोच चोर लोखंडी पाना घेऊन तुमच्या अंगावर आला, की प्रश्न केबलचा राहत नाही, तुमच्या जिवाचा होतो आणि तुमचा हक्कही तेवढा वाढतो. तो पळू लागला, पडला, शरण आला, की हक्क पुन्हा आटतो. त्या अंधारात कलमांचे आकडे आठवणार नाहीत आणि आठवायची गरजही नाही. स्वतःला एकच विचारायचे: आत्ता, या क्षणी, याच्यापासून मला किंवा माझ्या माणसाला धोका आहे का? तुम्ही भावाचा हात धरलात तेव्हा याचे उत्तर "नाही" असे होते, आणि ते तुम्हाला तिथेच उमगले.

भावाचे म्हणणे असे की जबर भीती बसल्याशिवाय चोर थांबत नाहीत आणि हात उचलणाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. हे म्हणणे मी सहज बाजूला सारत नाही, कारण गावागावांत ते पुष्कळांना पटते. पण असे बळ एकदा मोकळे सोडले की ते कोणावर पडते, ते आपल्या खानदेशाने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते, म्हणजे ती पळूही शकत नव्हती आणि कोणावर हल्लाही करू शकत नव्हती. त्यांना मारणाऱ्यांतील बहुतेकांना आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असणार. तुमच्या विहिरीवरचा मुलगा खरोखर चोरी करीत होता, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. तरी ताब्यात आलेल्या, निःशस्त्र माणसाला मारत राहणे दोन्हीकडे सारखेच आहे. शिवारात अनोळखी माणूस दिसला की मोबाइलवर निरोप फिरतो, वीस-पंचवीस जण काठ्या घेऊन जमतात, आणि मग थांबवणारा एकही उरत नाही. बेकायदा जमावाच्या समान उद्दिष्टासाठी झालेल्या गुन्ह्यात जमावातील प्रत्येक जण दोषी धरला जातो, ही कलम १९० मधील तरतूद तुमच्या गावातल्या तरुणांना कोणीतरी समजावून सांगायला हवी. तुमच्या त्या रात्री थांबवणारा एक होता. त्यामुळे तुमचा भाऊ आज खुनाच्या खटल्यात नाही, हे त्याला कधीतरी कळावे.

त्या मुलाचा विषय मात्र इथे संपत नाही. हाड मोडले असेल तर कायद्याने ती जबर दुखापत ठरते आणि तो किंवा त्याचे आईवडील उद्या फिर्याद देऊ शकतात. तेव्हा चोरीच्या प्रयत्नाची तक्रार दिलेली नसेल तर देण्यापूर्वी वकिलाला भेटा आणि घडले तसे, मारहाणीसकट, त्याला सांगा. अर्धी हकिकत पुढे येऊन उरलेली अर्धी मागाहून उघडी पडली, तर खऱ्या अर्ध्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. खर्च परवडत नसेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. पात्रतेत बसणाऱ्यांना तिथे विनामूल्य वकील मिळतो.

आता तुमचा खरा काळजीचा प्रश्न: तुम्ही दोघे मळ्यात आहात आणि कोणी अंगावर आले तर काय करायचे. पळणे सक्तीचे नाही, पण निषिद्धही नाही. केबल पुन्हा घेता येते, म्हणून निघून जाण्याची वाट मोकळी असेल तर तीच धरा. वाट नसेल किंवा पत्नी मागे राहत असेल, तर जोराने ओरडा, बॅटरीचा झोत सरळ डोळ्यांवर मारा आणि समोरच्याला दूर ठेवता येईल अशी लांब काठी वापरा. वार करावाच लागला तर तो सुटका करून घेण्यासाठी करा, हातावर किंवा पायावर करा, आणि सुटका झाली की थांबा. कुऱ्हाड, फरशी, कोयता जवळ बाळगण्याचा सल्ला मी देणार नाही. झटापटीत ते हत्यार कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो आणि धारदार पात्याचा बेताने वार करणे अंधारात जमत नाही. शेतीच्या कामाचे अवजार शेतात जवळ असणे हा गुन्हा नाही, पण जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा सार्वजनिक जागी शस्त्रे, काठ्या घेऊन फिरणे अडचणीत आणू शकते.

प्रसंग घडलाच, तर त्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. ११२ वर फोन तुम्हीच करा. समोरचा जखमी असेल तर त्याच्यासाठी रुग्णवाहिकाही तुम्हीच मागवा. जागेवरच्या वस्तू हलवू नका, घटनास्थळ सोडून नातेवाइकांकडे जाऊन बसू नका. स्वतःला खरचटले असेल तरी सरकारी दवाखान्यात तपासून त्याची नोंद करून घ्या, कारण तुमच्या अंगावरच्या जखमा हा हल्ला झाल्याचा पुरावा असतो. स्वसंरक्षणात कृत्य केले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १०८ तसे सांगते; मात्र सरकारी पक्षाला आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो तसे तुम्हाला करावे लागत नाही, तुमची हकिकत अधिक संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. म्हणूनच पहिल्या जबाबातच सगळे खरे यायला हवे. प्रामाणिक समजुतीने, आधी न ठरवता, बचाव करताना मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू झाला, तर ते कृत्य खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकते, अशी सवलत न्याय संहितेच्या कलम १०१ च्या अपवादात आहे. "आला की तोडतोच" असे चारचौघांत बोलून ठेवणारा माणूस ही सवलत आपल्या हाताने घालवतो. भावाला हे सांगाच.

बांधावरच्या भांडणांविषयी मला पत्रे लिहिणाऱ्या वाचकांनाही इथेच सांगते. दोन्ही बाजू तयारीने, काठ्या घेऊन समोरासमोर आल्या आणि मारामारी झाली, तर स्वसंरक्षणाचा बचाव बहुधा कोणालाच मिळत नाही. तिथे आधीच अर्ज देऊन शांतता राखण्याचे बंधपत्र घ्यायला लावणे, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, हा मार्ग अधिक उपयोगी पडतो. आणि धुळ्याहून, नंदुरबारहून एसटीने कॉलेजला जाणाऱ्या ज्या मुली विचारतात की पाठलाग करणाऱ्याने हात धरला तर त्याला मारले तर चालेल का, त्यांना उत्तर असे: हात सोडवण्यासाठी लागेल तेवढे बळ वापरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी नको, आणि नंतर घरच्यांना व ११२ किंवा १८१ ला कळवण्यात लाज बाळगू नका.

पुन्हा तुमच्या शिवाराकडे येते. बळ वापरण्याची वेळच कमी यावी यासाठी करण्यासारखे बरेच आहे आणि ते एकट्याने होणार नाही. आजूबाजूच्या पाच-सहा मळ्यांनी रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या एकमेकांना कळवून ठेवाव्यात, एकटे कोणी जाऊ नये, शिट्टीची एक खूण ठरवावी. पोलीस पाटलांना आणि बीट अंमलदाराला सोबत घेऊन गस्तीचे रीतसर ठरवा. गस्तीत कोणी पकडला गेला तर त्याला न मारता पोलिसांकडे द्यायचे हे आधीच सर्वांकडून कबूल करून घ्या. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत करणाऱ्याला कोणीही नागरिक धरू शकतो, पण त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. केबलवर जागोजागी न पुसणारी खूण करा, मोटारीचा आणि स्टार्टरचा क्रमांक लिहून फोटो काढून ठेवा. तांबे शेवटी भंगाराच्या दुकानातच जाते आणि ओळख पटवता आली तरच तिथे तपास पुढे सरकतो. पोलीस ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तिचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दिवसा वीज मिळाली तर तुमचा निम्मा धोका मुळातूनच जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून त्यासाठीच आहे. तुमचे फीडर त्यात केव्हा येणार, हे सर्व मळेवाल्यांच्या सह्यांनिशी महावितरणला लेखी विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला खटकली, ती सांगू का? पत्नीचा उल्लेख तुम्ही प्रत्येक वेळी जिला वाचवायचे आहे अशी व्यक्ती म्हणून केला आहे. त्या रात्री-अपरात्री तुमच्याबरोबर चिखलात उभ्या राहतात, व्हॉल्व्ह फिरवतात, आवाज आला की आधी त्यांनाच कळत असेल. वाट कोणती धरायची, फोन कोणी करायचा, कोणत्या खुणेला सगळे टाकून निघायचे, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. त्यांना मुळात रात्री यायचेच नसेल, तर तेही ऐकून घ्या.

आणि भावाशी बोलताना त्या रात्रीचा निवाडा करायला बसू नका, त्याने तो वाद सहज जिंकला नाही तर तो चिडेल. त्याला एवढेच विचारा की त्या तारेला सालदाराचा मुलगा चिकटला, तर त्याच्या आईसमोर कोण जाऊन उभे राहणार. उत्तर द्यायला त्याला वेळ द्या, पण तार उतरेपर्यंत विहिरीकडे कोणालाही जाऊ देऊ नका.